पळपुटी

गिरजाबाईनं रिकामी टोपली सुनेच्या पुढ्यात आदळली.

"ऊठ निशे. मोहावर जावाचं आहे, फुलं वेचाले."

निशा चुलीपुढून हलली नाही. बाहेर नुकतं उजाडत होतं. गल्लीत बाया जमल्या होत्या, त्यांचं हसणं-खिदळणं आत ऐकू येत होतं. कुणीतरी थाळी वाजवून पाहत होतं.

निशाचा नवरा अश्विन खाटेवर उठून बसला. "आई, तिले नको नेऊ. काल वनरक्षक काय सांगून गेला? यंदा मोहावर कोणीच जावाचं नाई म्हणे."

"तो वाघाले सांगते काय, गावात जावाचं नाई म्हणून?" गिरजाबाई म्हणाली. "अकरा जणी आहो आम्ही. उजेडात जाऊ, उजेडात येऊ. भेवानं फुलं सडू द्यावाची काय?"

निशा घराबाहेर पडत नाही ती वाघाच्या भीतीनं, असं गाव धरून चाललं होतं. ते खरं नव्हतं. ती लपत होती शेजारच्या सुकरीपासून.

सुकरी गोंडाची, निशा बौद्धाची, पण दोघींची चूल तेवढी वेगळी. मोहाच्या दिवसांत दोघी एकाच तव्यावर फुलं भाजायच्या, तीळ घालून कुटायच्या आणि एका पानावर बसून खायच्या. खाता खाता कशावरून तरी हसू सुटायचं, मग आवरायचं नाही. मागच्या श्रावणात दोघी बांधावर गवत कापत होत्या. गवतातूनच वाघ उठला आणि त्यानं सुकरीचा खांदा धरला. निशाच्या हातात विळा होता. विळा हातातच राहिला आणि पाय पळत सुटले. किंचाळत, चिखलात पडत-उठत ती दोन शेतांपलीकडे धानाची रोवणी चालली होती तिथं पोचली आणि त्या माणसांत कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा लोक सुकरीला खाटेवर घालून आणत होते. काठ्या आपटून, डबे बडवून त्यांनी वाघाला हुसकलं होतं.

सुकरी वाचली. तीन महिने चंद्रपूरला दवाखान्यात होती. उजवा हात कामातून गेला. ती परत आली त्या दिवसापासून निशा मागच्या दारानं ये-जा करायला लागली. बोरिंगवर सुकरी नसेल तेव्हाच पाणी आणायची. एकदा तिथंच मागून कुणीतरी हळूच म्हणालं होतं, "पळपुटी." तिनं वळूनही पाहिलं नाही. शब्द खरा होता.

"सुकरी जाऊन राह्यली," गिरजाबाई म्हणाली.

निशानं मान वर केली. "एका हातानं?"

"एका हातानं. मुखरू दारात आडवा झाला, नाई जावाचं म्हणून. तं नवऱ्याले म्हणते कशी, हात गेला, पाय नाई गेले. बाजूला हो." गिरजाबाईनं टोपली पायानं पुढं सरकवली. "अन् तिनं सांगून धाडलं, माह्या झाडाखाली निशा पाहिजे."

निशा समजली. म्हणजे आज सुकरी बोलणार. सगळ्या बायांसमोर बोलणार. बोलू दे. पाच महिने रोज भिंतीपलीकडून तिचं खोकणं ऐकत बसण्यापेक्षा ते बरं. ती उठली. टोपली उचलली. अश्विननं टोपलीचा काठ धरला.

"नाई जावाचं म्हणलं ना!"

"सोडा," निशा म्हणाली. "लय लपली मी. आता नाई."

त्यानं सोडली.

वाघ दूर राहावा म्हणून बाया थाळ्या बडवत निघाल्या. जंगलाच्या तोंडाशी वनरक्षक मोटरसायकल आडवी लावून उभा होता. त्यानं हात जोडले, मग डोळे वटारले, मग जबाबदारी कुणाची म्हणून विचारलं. "तुमची," म्हणत गिरजाबाई गाडीला वळसा घालून पुढं गेली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या गेल्या. शेवटी तोही काठी घेऊन मागं मागं आला आणि झाडाभोवती पहाऱ्याला उभा राहिला.

मोहाखाली फिकट पिवळा सडा पडला होता. गोड, जड वास नाकात भरत होता. कुणी फुलं वेचता वेचता तोंडात टाकत होतं, कुणी वनरक्षकाच्या लग्नाची चौकशी करत होतं. सुकरी झाडाच्या बुंध्याशी उकिडवी बसली होती. उजवा हात पदरानं पोटाशी बांधलेला. डावा हात मात्र भराभर चालत होता. निशा तिच्या समोर जाऊन बसली. पाच-दहा फुलं वेचली.

"बाई," ती एकदम म्हणाली, "मी पळाली."

बाया वळून पाहू लागल्या. गिरजाबाईही हातातली फुलं तशीच धरून राहिली.

"हाव," सुकरी म्हणाली. "पळाली."

"विळा होता माह्या हातात. तरी पळाली."

सुकरीनं मूठभर फुलं निशाच्या टोपलीत टाकली आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"अव, तिथीच थांबली असती तं रोवणीवरच्या लोकायले बोलवाले कोण गेलं असतं? आठ महिने झाले, वाट पाहून राह्यली, तुले एवढं सांगाले. तू पळाली, म्हणून मी आज मोह वेचून राह्यली."