लिलावाचे पाहुणे

मेलबर्नबाहेरच्या मेल्टनला कुत्रंही फिरकत नव्हतं, तेव्हापासून सामोआ बेटांवरून आलेली लुपे आणि तिचा नवरा सेफो तिथं भाड्यानं राहत होते. आता तिथं झुंबड उडाली, तसं मालकानं घर लिलावात काढलं. सेफोही बोली लावणार होता. पण अंगणात माणसं जमताच लुपेला राहवेना. तिनं पानिकेकेचे गोड गोळे तळून ताट फिरवलं. "अगं, पाहुणे नाहीत हे, आपलं घर न्यायला आलेत!" सेफो चडफडला. "म्हणून उपाशी धाडू? सामोआत कुणी धाडतं?" बोली चढली, बाकीचे गळाले. सेफोनं जमवलेलं सगळं लावलं. समोरच्या बाईनं पानिकेके गिळून तेलकट हात वर केला. हातोडा पडला. ती लुपेला म्हणाली, "घर तसं साधंच, पण हा वास आला आणि वाटलं, हेच आपलं! लवकर रिकामं कराल ना?" लुपेच्या तोंडून सवयीनं निसटलं, "अजून एक घ्या ना."