उजवा कोपरा

शेवटची चढाई उरली होती, गुण समसमान होते, आणि सातेरी क्रीडा मंडळाचा कप्तान विकास समोरच्या चढाईपटूकडे बघतच नव्हता. त्याचं सगळं लक्ष आपल्याच उजव्या कोपऱ्यावर होतं. तिथे हेरंब उभा होता.

हेरंब मूळचा समोरच्या रणझुंजारचा. दोन्ही मंडळं चिंचपोकळीचीच, मध्ये एक गल्ली आणि चाळीस वर्षांचं वैर. या गल्लीच्या आरपार सोयरिकी जुळल्या होत्या, पण कबड्डीचा गडी कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. हेरंब पहिलाच. राहायचा मात्र अजून तिकडच्याच चाळीत. रोज सराव संपला की शत्रूच्या दारातून आत शिरायचा, आणि विकासला ते बघवत नसे.

पण खरी गोम वेगळीच होती, आणि ती विकासने कुणालाच सांगितली नव्हती.

गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातही गुण असेच बरोबरीत होते आणि शेवटची चढाई विकासची होती. गुडघा दुखावलेला, त्यावर क्रेप बँडेज, अंगात त्राण नाही. रणझुंजारच्या कोपऱ्यात तेव्हा हाच हेरंब होता. विकासने पाय टाकून बघितला, मागे फिरला, मध्यरेषा ओलांडली आणि हात उंचावून गुण मागितला. पंचांनी साफ नकार दिला. तेवढ्यात हेरंबने आपणहून हात वर केला आणि तो मैदानाबाहेर जाऊन बसला. लागलं असेल तर गड्याने स्वतः कबूल करायचं, ही जुनी रीत. सातेरीने चषक उचलला. अध्यक्ष रामजीकाका तर गहिवरले. असला सच्चा गडी आता उरला नाही, असं महिनाभर सांगत फिरले. रणझुंजारवाल्यांनी ‘विकला गेला’ म्हणून हेरंबला काढलं, तेव्हा काकांनीच त्याला हाताला धरून सातेरीत आणलं.

विकास मात्र जाणून होता. त्याचा पाय हेरंबला लागलाच नव्हता. चांगला वीतभर लांब होता. मग या माणसाने हात वर का केला? हातातला चषक असा फुकट कोण सोडतो? आधीपासून काहीतरी शिजलं असणार. आणि ज्याने आपल्या माणसांचा घात केला, तो परक्यांचा काय मुलाहिजा ठेवणार?

वर्षभर त्याने हेरंबवर डोळा ठेवला. फोन आला की हेरंब बाजूला जाऊन बोलायचा. विकासने ते मनात टिपलं. कुणाशीच भांडायचा नाही, तेही टिपलं. सामन्याच्या दोन दिवस आधी त्याने हेरंबला एकट्याला गाठून एक धडधडीत थाप मारली, की माझा गुडघा पुन्हा गेलाय, दुसऱ्या डावात मी चढाई करणार नाही. ही बातमी तिकडे पोचली की रणझुंजारचा खेळ बदलणार आणि चोर सापडणार, असा त्याचा डाव होता. रणझुंजारचा खेळ काही बदलला नाही. उलट हेरंबच्या आईने, रखमाबाईने, गुडघ्याला चोळायला तेलाची बाटली पाठवली. पक्का आहे, विकासला वाटलं, शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवलंय. सोमवारच्या बैठकीत एक तर त्याचं नाव कमी करा नाहीतर माझं, असं त्याने रामजीकाकांना बजावूनही ठेवलं. दोन मंडळांनी हाकललेल्या गड्याला गिरणगावात तिसरं कुणी उभं करत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

रणझुंजारचा कप्तान मयूर चढाईला आला तो थेट उजव्या कोपऱ्याकडेच. हेरंब एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. झालं, विकास मनात म्हणाला, आता हा हात वर करणार.

मयूरने पाय टाकला आणि हेरंब त्या पायावर कोसळला. दोन्ही हातांनी घोटा धरला तो सोडलाच नाही. विकास धावून जाऊन दोघांवर पडला. मयूरची बोटं मध्यरेषेपासून चार अंगुळं अलीकडे राहिली आणि शिट्टी वाजली.

मैदानात नुसता कल्ला उठला. पोरांनी हेरंबला खांद्यावर घेतलं, रामजीकाका डोळे पुसत होते. विकासला स्वतःची लाज वाटली. गर्दी पांगल्यावर त्याने हेरंबला मांडवामागे नेलं आणि सगळं कबूल करून टाकलं. वर्षभराचा संशय, गुडघ्याची थाप, सोमवारची बैठक, काहीच लपवलं नाही. हेरंब ऐकत राहिला. बैठकीचं ऐकून त्याने कोपराची माती झटकली आणि म्हणाला, जाऊ दे.

“फक्त एक सांग,” विकास म्हणाला. “गेल्या वर्षी माझा पाय तुला लागलाच नव्हता. मग हात का वर केलास?”

“पाय नाही लागला, दादा. तुझ्या बँडेजचं टोक सुटून लोंबत होतं, ते माझ्या पोटरीला घासलं. अंगावरचं काहीही लागलं तरी टच तो टचच ना.”

विकासच्या मनावरचा धोंडा उतरला. म्हणजे हा गडी खराच होता, आणि तो चषकही खरा होता. त्याने हसत हेरंबच्या खांद्यावर हात ठेवला.

हेरंब हसला नाही. तो पहिल्यांदाच विकासकडे नीट निरखून बघत होता.

“म्हणजे लागल्याचं तुला माहीतच नव्हतं,” तो सावकाश म्हणाला. “मग दादा, तू हात वर करून पॉइंट कसला मागत होतास?”