सात नंबरचं अपचन

“बाहेरचं खाणं आत आणायचं नाही, कितीदा सांगायचं द्वारकाबाई?” डॉक्टर मुणगेकर करवादल्या.

विसरभोळेपणावरच्या औषधाच्या प्रयोगासाठी मेंदूत माणसाच्या पेशी वाढवलेली सात नंबरची डुकरीण पिंजऱ्यात तोंड फिरवून बसली होती. तिचं पिल्लू काल तपासणीसाठी कापलं, तेव्हापासून ती उपाशीच होती. डॉक्टरांनी तक्त्यावर ‘अपचन’ लिहिलं होतं. पिंजरे झाडणाऱ्या द्वारकाबाईंच्या मते अपचनासाठी आधी काहीतरी खावं लागतं.

त्यांनी डबा उघडला. पिठलं-भाकरी.

“हे कशाला?”

“मयताच्या घरी चूल पेटत नाही, बाई. शेजाऱ्यांनी द्यायचं असतं.”

डुकरिणीनं पिंजऱ्यात सरकवलेली भाकरी हुंगली, अलगद तोंडात धरली आणि पिल्लू निजायचं त्या जागी नेऊन ठेवली.

डॉक्टरांनी ‘अपचन’ खोडलं.

“द्वारकाबाई,” त्या म्हणाल्या, “काल मी माणसाचं मूल मारलं.”