गालातली पलटण

सूर्याजीकाका तंबाखूची गोळी ज्या गालात धरत, तिथेच कर्करोगाची गाठ उठली. तिचा तुकडा त्यांच्या डॉक्टर पुतणीने, शरयूने, काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. मेलेलं मांस ते, हलणार कसं? तरी सकाळी गाठीभोवती आडव्या पहुडलेल्या निरोगी पेशी दुपारी गाठीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"काका, पेशी तुमच्याच, आणि गाठीला फितूर! तिला वाट करून देतायत."

"हट, बघू दे मला!"

ग्वाल्हेर संस्थानची फौज भारतीय सैन्यात विलीन झाली तेव्हा काकांच्या सगळ्या पलटणीने नवा बिल्ला लावला. हा एकटा सुभेदार जुना बिल्ला छातीवर ठेवून ग्वाल्हेरच्या दाना ओली मोहल्ल्यातल्या घरी परतला होता.

काकांनी भिंगाला डोळा लावला आणि परेडवर गरजावं तसे गरजले, "पीछे मुड़!"

काचेवरची रांगच्या रांग वळली. त्याच क्षणी त्यांच्या गालाच्या आतही काहीतरी ओळीने वळलं.

"बघ, अजून माझंच ऐकतात!" पुढचा हुकूम द्यायला काकांनी तोंड उघडलं.

"आगे बढ़!"

आवाज त्यांचाच होता. पण उघड्या तोंडातली जीभ हललीच नव्हती, हे शरयूने पाहिलं.

काकांनी टाचा रोवल्या. ते तसूभर हलले नाहीत. फक्त त्यांचा गाल एक पाऊल पुढे आला.