येते हं

"येते हं," दारात चपला घालता घालता प्रमिलावन्सं म्हणाल्या.

"या," हेमांगी सवयीने बोलून गेली, आणि तिच्या कानामागचा मणी गरम झाला.

मणी घरातल्या सगळ्यांनीच बसवून घेतले होते. समोरच्याने 'येते' म्हणून विचारलं आणि आपण 'या' म्हटलं, की त्याला आपलं मन आतून दिसायचं. 'जा' म्हटलं की बंद. मणी परदेशी बनावटीचा. निघतानाही माणसं 'येते'च म्हणतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

नणंदबाई एका पायात चप्पल घालून तशाच थबकल्या होत्या. हेमांगी मनातल्या मनात तेराचा पाढा म्हणू लागली. पण वन्सं पाढ्याला वळसा घालून आत सरकत होत्या, अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत.

एक शब्द पुरे होता. पण थोरल्या नणंदेला तोंडावर 'जा' म्हणायला जीभच रेटेना. शेवटी डोळे मिटून ती पुटपुटली, "वन्सं... जा."

मणी गार झाला.

"बॅग कधी भरलीस गं?" वन्संनी शांतपणे विचारलं. "त्यात माझ्या भावाचा एकही कपडा नाही."

त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. या वेळी त्या 'येते' म्हणाल्या नाहीत.

"जाते," त्या म्हणाल्या, "त्याच्या ऑफिसात."