दीपमालेची अट

नवऱ्यानं, हरिओमनं, दीपमालेला केसांना धरून स्लॅबवरून खाली ढकललं, तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. औशात दोन्हीकडच्या सोयऱ्यांची बैठक बसली आणि पोलीस केस मागं घ्यायची असं ठरलं. दीपमालेनं एकच अट घातली.

"मी धनुष्यबाण शिकायले. निशाण्यातले बाण काढून आणायला रोज ह्यांनीच यायचं."

सोयऱ्यांना हसू आलं. "एवढंच ना? येईल की."

तेव्हापासून रोज सकाळी हरिओम बाण आणायला निशाण्याकडं चालत जातो. थोडा पुढं गेला की मागून धनुष्य ताणल्याचा करकर आवाज येतो. तो जागीच थांबतो. वळून बघायची हिंमत होत नाही. मग दोरी हळूच सैल होते आणि तो पुढं निघतो.

परवा लातूरला तिचा सत्कार झाला. व्हीलचेअरवरून देशासाठी खेळणारी जिल्ह्यातली पहिली तिरंदाज. शाल-नारळ सांभाळत हरिओम खुर्चीमागंच उभा होता. एका पत्रकारानं विचारलं, "ताई, तुमचा हात इतका स्थिर कसा?"



"रोज एक बाण ताणून धरते," दीपमाला म्हणाली, "अन् सोडत न्हाई."