अंगठ्याखालचा गोळा

नोएलियाने शेवटचा स्क्रू आवळला, जरा थांबली आणि परत सोडवला. विमान संध्याकाळचं होतं. बॅगा दाराशी उभ्या होत्या आणि शेजारचा विल्मार गाडी घेऊन येतोच म्हणून सांगून गेला होता. पण हिचा हात काही थांबत नव्हता.

टेबलावर कीबोर्डचे दोन वेगळे तुकडे होते, एकेका हातासाठी एकेक. उजव्या तुकड्याच्या कडेला अंगठ्यापाशी एक खळगा आणि त्यात लिंबाएवढा लाल गोळा. तो फिरवला की पडद्यावरचा बाण हलायचा. माउसकडे हात न्यायला नको.

त्या हात नेण्यानेच तिच्या आईच्या मनगटाची वाट लावली होती. एल्बिया परदेशी मालिकांच्या संवादांची भाषांतरं करायची. दर वाक्याला हात माउसकडे, दर वाक्याला परत. आता मनगटाला पट्टा बांधून ती काम ओढत होती. ही ये-जा थांबवा, नाहीतर काम सोडा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. काम सोडून खायचं काय, ते मात्र सांगितलं नव्हतं.

आईच्या हाताची सोय करते आणि मग स्पेनला जाते, असं नोएलियाने ठरवलं आणि तिथेच गाडी अडली. दोन्ही तुकड्यांच्या आतला सर्किट बोर्ड सारखाच, एका बाजूने डाव्या हाताचा, पालथा घातला की उजव्या. पहिल्या खेपेला हिने दोन्ही बोर्डांना एकाच बाजूने डाख दिला आणि दोन डावे हात तयार झाले. मग बटणं जड वाटली. मग थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या खोक्याचा उतार पटेना. तिकीट एकदा पुढे ढकलून झालं होतं. माद्रिदची मैत्रीण आता फोनवर नुसती हसायची.

एल्बिया 'माते' नावाच्या कडवट चहाचा पेला घेऊन आत आली. लेकीच्या हातात परत स्क्रू पाहून तिने पेला खाली ठेवला.

"झालं का गं?"

"झालंच. बस, हात ठेवून बघ."

एल्बियाने पट्टा सोडला आणि तळवा ठेवला. बोटं बटणांवर कशीबशी बसली. अंगठा गोळ्याकडे निघाला आणि नखभर अलीकडेच थांबला.

सुरुवातीला नोएलियाने आईचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवून घेतला होता. पण त्यानंतर रोज स्वतःचाच हात ठेवून पाहायची. जरा इकडे, जरा तिकडे, आपल्याला बरं वाटेपर्यंत. तिची बोटं बापावर गेलेली, लांबसडक. कीबोर्ड तिच्याच हाताचा झाला होता, आणि हे आज कळत होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. तिने डाखणीची वायर ओढून घेतली.

"खोकं परत छापावं लागेल. तिकीट बदलते."

"परत?" एल्बियाचा आवाज चढला नाही. "नोए, तुझा पाय निघत नाहीये इथून. मलाही तुला सोडवत नाहीये. पण ते माझ्या मनगटाच्या नावावर नको घालूस."

बाहेर विल्मारने हॉर्न वाजवला, मग पुन्हा एकदा जरा लांब.

"पण पोहोचत नाहीये ना तुझा अंगठा," नोएलिया कशीबशी म्हणाली.

"कोण म्हणतं?" एल्बियाने तळवा पुढे रेटला. मनगट वाकलं आणि तिचे ओठ घट्ट मिटले गेले. अंगठा ताठ करून तिने हवेत दोनदा फिरवला. "बघ. छान चाललंय. आता ऊठ, तो बिचारा खोळंबलाय."

दोघींनी पडद्याकडे पाहिलं. बाण होता तिथेच होता.